अंगठीच्या आतलं नाव

कापसाच्या गाड्या पेठेत यायला लागल्या की माझा पाय घरात ठरत नाही. आज सकाळपासून तीनदा ओट्यावर आले आणि तीनदा आत गेले. भाच्याची बायको हसून म्हणाली, "आत्याबाई, कोणाची वाट पाहून राहिल्या?" कोणाचीच नाही. पण हवेत सरकीचा तेलकट वास भरला, कापसाचे तंतू उडत येऊन दाराच्या कडीला, तुळशीच्या मंजिरीला, भिजल्या लुगड्याला चिकटायला लागले, की मला वाटतं, काहीतरी करायचं राहिलंय. काय राहिलंय ते आठवायला बसलं की हातातलं कामही जातं.

आता गिरणीचा भोंगा वाजतो. तेव्हा घरोघर सरकी काढायचे हातरेचे होते आणि त्यांची कुरकुर दिवसभर चाले. एका घराची थांबली की शेजारची सुरू होई. त्या वर्षी तर ती थांबतच नव्हती. समुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात गोऱ्यांची आपसातच लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता, एवढंच आम्हांला ठाऊक. कोण जिंकतंय, कोण मरतंय, हे पेठेत कुणी विचारलं नाही. वऱ्हाडचा कापूस मात्र एकाएकी सोन्यासारखा झाला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं गादी उसवून आतला जुनापुराणा कापूस विकला आणि ऐन पौषात गोणपाटावर निजून दिवस काढले. खोकत खोकत सगळ्यांना सांगे, "गादी काय, पुढच्या साली रेशमाची करू!" त्या दिवसांत अमरावतीत शांत बसलेला माणूस मला दिसला नाही. जो तो कुठून तरी आलेला असे, नाहीतर कुठंतरी निघालेला.

माझे वडील शिक्के खोदत. जात सोनाराची, पण दागिने घडवण्यापेक्षा त्यांचा हात अक्षरावर बसलेला. ज्यांना सही करता येत नाही त्यांना शिक्क्याची अंगठी लागते, आणि त्या साली असे पुष्कळ लोक मोठे झाले होते. दुकान शहराच्या परकोटाच्या आत, घराच्याच पुढच्या खोलीत होतं. वडिलांची नजर मात्र अधू होत चालली होती. बारीक अक्षर त्यांना दिसेना. भाऊ अजून लहान होता, मग मधल्या पडद्याच्या अलीकडं बसून ते काम मी करू लागले. शिक्क्यावर अक्षर उलटं खोदावं लागतं, म्हणून त्यांनी मला लहानपणीच बाळबोध आणि मोडी, दोन्ही सुलटी-उलटी शिकवली होती. शिकवली, कारण मी घरातच राहणार हे ठरलेलं होतं. अकराव्या वर्षी माझं कपाळ रिकामं झालं. ज्याच्यामुळं झालं त्याचा चेहरा मला आठवत नाही. मुंडावळ्यांतून दिसलेली एक हनुवटी तेवढी आठवते. आमच्यात दुसरं लग्न नव्हतं. त्या हंगामात मी बावीस वर्षांची होते.

शिक्क्यांच्या मागोमाग नावाच्या अंगठ्या आल्या. ही कल्पना कुणाची कोण जाणे, पण कापसाबरोबर ती गावोगाव पसरली. हातात चार पैसे खेळायला लागले आणि पुरुषांना बायकांची आठवण झाली. एक पाटील आला होता, गलमिशांचा, आवाजानं दुकान दणाणून सोडणारा. त्याला बायकोच्या अंगठीत स्वतःचं नाव खोदून हवं होतं. वडिलांना हळूच म्हणाला, "तोंडानं तं ते नाव घेत नाही. बोटात तरी ठेवन." परतवाड्याचा एक लाकडाचा व्यापारी आला. त्याला दोन नावं हवी होती, दोन्ही आतल्या बाजूनं, कुणाला दिसू नयेत अशी. ती दुसरी बाई त्याची कोण, हे वडिलांनी विचारलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर ते मला म्हणाले होते, "यमुना, अंगठीच्या आतलं अक्षर त्या दोघांचं असतं. आपण ते हातानं वाचायचं, तोंडानं नाही."

मी मान हलवली. अंगठी लाखेत बसवून, वाकड्या कलमानं आतल्या बाजूला अक्षर उतरवायचं म्हणजे श्वास धरून बसावं लागतं. कलम घसरलं की गेलं. मी श्वास धरून दुसऱ्यांची वचनं खोदत होते. 'तुझाच.' 'विसरू नको.' 'सात जन्म.' काम झालं की अंगठी स्वतःच्या बोटात घालून पाहायची माझी खोड होती. कोण पाहत होतं? लगेच काढून पुसून ठेवायची.

रुखमा माझी त्या दिवसांतली एकुलती मैत्रीण. ती कुणब्याची. राजापेठेच्या बाजूला, तेव्हा तिथं सगळी शेतंच होती, तिच्या भावाचं काळ्या मातीचं वावर होतं. नवरा वारल्यावर ती भावाकडं परतली होती आणि एकट्या माणसाचं नव्हे, दोघांचं काम ओढत होती. देवाच्या वातींसाठी कापूस आणायला मी तिच्याकडं जाई. दोघींची कपाळं सारखीच रिकामी, म्हणून आमचं जमलं असावं. पण एक फरक होता. त्यांच्यात पाट होता. विधवेला दुसरा घरोबा करता येत होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आणि त्या साली तिचा पाट ठरत होता. देवाजी नावाचा अकोल्याकडचा गाडीवान तिच्या भावाचा कापूस न्यायला येई. पाच गाड्या होत्या त्याच्या. आगगाडीचे रूळ तेव्हा आमच्यापर्यंत आले नव्हते; जिथवर आले होते तिथवर, पार खानदेशाकडं, तो कापूस पोचवून येई. उंच, अंगानं कोरडा, कमी बोलणारा माणूस. रुखमा त्याच्याबद्दल सांगायला लागली की तिचे वेचणीचे हात दुप्पट चालत.

"म्या इचारलं त्याले, घरी बायको हाय का? तं म्हणे नाही," तिनं मला सांगितलं होतं.

"होती का?"

"ते म्या नाही इचारलं," रुखमा म्हणाली. "जे नाही ते नाही. उकरून काय करतं?"

मग एके दिवशी दुपारी देवाजी आमच्या दुकानात आला. मी पडद्याआड होते. त्याचा आवाज ऐकला. त्यानं कनवटीची अंगठी काढून वडिलांपुढं ठेवली. "आतून नाव खोदा. रुखमा. आन् पुढं 'येतो' असं लिवा. लांब चाललो ना मी. संक्रांतीच्या आत वापस येतो, मंग पाट लावतो." आमच्याकडं निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. हे मी रोज ऐकत होते, पण कुणी ते सोन्यात खोदून मागेल असं वाटलं नव्हतं.

अंगठी माझ्याकडं आली. लाखेत बसवली, उजेडाकडं धरली आणि माझा हात थांबला. आतलं सोनं कुणीतरी घासलेलं होतं. सोनारानं घासलेलं नव्हे. सोनाराचं घासणं गुळगुळीत असतं. हे दगडानं किंवा विटेनं घासलेलं, वेडंवाकडं, ओरखडे पडलेलं. आणि त्या ओरखड्यांखाली अक्षरं होती. पहिलं अक्षर गेलेलं होतं. 'ळसा' तेवढं उरलं होतं. तुळसा.

मी वडिलांना काही बोलले नाही. मोकळ्या राहिलेल्या जागेत 'रुखमा' खोदलं, पुढं 'येतो' खोदलं. अक्षर सुरेख उतरलं. अंगठी पुसून दिली. देवाजी घेऊन गेला, रुखमाला देऊन त्याच दिवशी गाड्या जुंपून निघून गेला.

त्यानंतरचे आठ दिवस माझे मलाच आवरेनात. भाकरी करपली. एका शिक्क्यात मी वेलांटी चुकवली आणि पितळ वाया घालवलं. मी स्वतःला सांगत होते की रुखमा फसवली जातेय, अकोल्यात त्याची बायको असेल, हिला सवतीवर जायला लागेल. हे सगळं खरंही असू शकत होतं. पण ते म्हणताना आत कुठंतरी मला बरं वाटत होतं आणि तेच मला बसू देत नव्हतं. एकीला दुसऱ्यांदा अंगठी मिळते आणि दुसरी ती खोदत बसते, असं का? हे मी कुणाला विचारणार होते?

नवव्या दिवशी मी वातींचा कापूस आणायला गेले. घरात वातींना भरपूर कापूस होता.

रुखमा वावरात होती. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, बोंडांच्या कडांनी बोटं ओरबाडलेली. मला पाहून धावत आली, अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "वाच."

"रुखमा, येतो," मी वाचलं.

"आनखी एकडाव."

मी पुन्हा वाचलं. ती हसली, लहान मुलीसारखी. मग अंगठी उन्हात फिरवत म्हणाली, "आन् हे काय हाय गं? हे ओरखडे?"

एवढंच म्हणायचं होतं की घडवताना पडले असतील. तिनं ते मानलं असतं. मी म्हणाले, "तिथं आधी दुसरं नाव होतं. घासून काढलंय. तुळसा."

ती हलली नाही. "कोण तुळसा?"

"मला काय माहीत."

"जित्ती हाय का मेली?"

"मला नाही माहीत, रुखमा."

"मंग तुले माहीत काय हाय?" ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या ओळीतल्या बायांनी मान वर केली. मग आवाज खाली आणून तिनं अंगठी माझ्या पदरात बांधली. गाठ इतकी घट्ट मारली की ती मला घरी दातांनी सोडावी लागली. "त्याले देजो. म्हणजो, दुसरीच्या बोटातलं उतरलेलं रुखमा घालत नाही."

ती वेचायला वळली. मी कापूस न घेताच परत आले.

माघात लग्नसराई येते, पौषात धडपड असते. त्या पौषात वडिलांना अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं बोलावलं. कापसाच्या गाठींवर मारायचे पितळी शिक्के तिथंच बसून खोदून हवे होते. मी म्हटलं, मीही येते, तुम्हांला बारीक दिसणार नाही. तीन दिवसांचा रस्ता होता. मूर्तिजापूरच्या पुढं दोन्ही अंगांच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या होत्या. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचा कापूस काट्यांना लागून राहिला होता. मागून गाड्या, पुढून गाड्या, धुळीत बैलांच्या घंटा. अंगठी माझ्या कमरेला होती आणि चालत्या गाडीत बसून मी सारखी ती चाचपत होते. कधी एकदा अकोला येतं असं वाटे, आणि येऊच नये असंही वाटे.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी कापसाच्या गाड्यांचा अड्डा होता. वडील व्यापाऱ्याशी बोलत उभे राहिले तेव्हा मी देवाजीला शोधलं. खानदेशातून तो नुकताच रिकाम्या गाड्या घेऊन परतला होता आणि बैलाच्या खांद्याला तेल लावत होता. मी अंगठी पुढं धरली. रुखमाचा निरोप शब्दाला शब्द सांगितला.

तो गाडीच्या दांडीवर बसला. हाताचं तेल धोतराला पुसलं. मग म्हणाला, "तुळसा माही बायको. गेल्या उन्हाळ्यात पटकीनं गेली. सकाळी पाणी भरून आली आन् दिवस बुडाच्या आत गेली. जायच्या आधी अंगठी काढून माह्या हातात देल्ली. म्हणे, हे माह्यासंग जाळू नका. कोणाच्या तरी बोटात घालजा."

"मग नाव का घासलंत?"

"भेव वाटलं, बाई. रुखमा म्हणन, मेलेलीचं मले घालून राह्यला. तं विटेनं घासलं. घासता घासता मधातच सोडून देल्लं. पुरं निघालंच नाही."

"सांगायला पाहिजे होतं तिला."

"हाव," तो म्हणाला. "पाह्यजे होतं."

मला वाटलं होतं तो माझ्यावर चिडेल. तो चिडला नाही. त्यानं अंगठी माझ्या हातात परत दिली. "तुमीच न्या. तिले सगळं सांगा. घेतली तं घेतली, नाही तं नाही." आणि पुन्हा तेल लावायला लागला. बैल मान हलवत होता. मी वळले तर मागं वडील उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं ते मी विचारलं नाही.

शिक्क्यांचं काम उरकून आम्ही परतीला लागलो. दुसऱ्या दिवशी, बैल पाण्यावर सोडले असताना, वडील म्हणाले, "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी हे चारचौघांत सांगेन. पण आजपासून अंगठीच्या आतलं काम तुझ्याकडं नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते.

घरी पोचताच, पायाची धूळही न धुता, मी राजापेठेला गेले. रुखमाला सगळं सांगितलं. पटकी, सकाळी भरलेलं पाणी, वीट, अर्ध्यात सोडलेलं नाव. ती ऐकत ऐकत बांधावर खाली बसली.

"मेली होय," ती म्हणाली. मग मान वर करून, "आन् त्यानं तिले विटेनं घासलं?"

"तू घाबरशील म्हणून."

"घाबरन? मी?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज तापला होता. "माह्या पयल्या घरधन्याचं नाव पुसाले कोणी सांगतलं असतं, तं म्या पुसलं असतं का? मेलेलं मानूस जागा मागते का? तिचंच सोनं, तिनंच देल्लं, आन् तिलेच बाहेर काढलं!" तिनं अंगठी घेतली, न्याहाळली आणि मला परत दिली. "तुह्या बापाले सांग, पयले तिचं नाव जसं होतं तसं लिवा. मंग माह्यापाशी आनजो."

दुसरेपणावर जाणाऱ्या बाईनं मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घालायची आमच्याकडं रीत आहे. बायका तो भीतीनं घालतात. रुखमानं नंतर तो घातलाही. पण अंगठीतलं नाव तिनं भीतीनं मागितलं नव्हतं.

ते नाव वडिलांनी स्वतः खोदलं. चार दिवस लागले. डोळ्यांतून पाणी गळे, कलम थांबे, ते पुसत आणि पुन्हा वाकत. मी पडद्याशी उभी राहून पाहत होते. एकदा म्हटलं, "द्या ना मी करते." त्यांनी मान वर केली नाही. 'तुळसा' थोडं तिरकं आलं. 'ळ'ची एक गाठ मोठी झाली. शेजारी माझ्या हातचं 'रुखमा, येतो' देखणं दिसत होतं आणि ते देखणेपण मला बघवत नव्हतं.

अंगठी मी रुखमाला नेऊन दिली. देवाजी संक्रांतीच्या आदल्या दिवशी आला. पाट लागला. मी गेले नाही. मला बोलावणं नव्हतं असं नाही. चार दिवसांनी ती त्याच्या गाडीतून अकोल्याला गेली. आमच्या दारावरूनच रस्ता होता. तिनं गाडी थांबवली नाही, फक्त हात वर केला. तो निरोप होता की अंगठी दाखवणं, यावर मी किती वर्षं विचार केला!

पुढं ती समुद्रापलीकडची लढाई संपली म्हणे. भाव जसे चढले तसे कोसळले. बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या उतरल्या, आणि ज्या अंगठ्यांत आम्ही सात जन्म खोदले होते त्यांतल्या कितीतरी मोडायला आमच्याकडंच आल्या. मुशीत ना अक्षर आधी विरघळतं, ना सोनं; दोन्ही एकदमच जातात. वडील त्यानंतर तीन वर्षं जगले. शेवटच्या वर्षी एका सकाळी त्यांनी एक अंगठी आणि वाकडं कलम माझ्यापुढं सरकवलं. आत काय खोदायचं ते कागदावर लिहिलेलं होतं. ते काय होतं, हे मी आजही सांगणार नाही.

रुखमाची खुशाली गाडीवानांकडून कळे, मग आगगाडी आल्यावर तिच्या भावाकडून. तीन मुलं झाली, एक गेलं. देवाजीच्या गाड्या आगगाडीनं बसवल्या आणि तो शेतीला लागला. ती अमरावतीला येई, भावाकडं राही आणि परत जाई. आमच्याकडं आली नाही. मीही गेले नाही. इतकी वर्षं, प्रत्येक हंगामात.

गेल्या पंधरवड्यात ती आली. मी ओट्यावर होते. अंगानं रुंद झालेली, केस पांढरे, चालताना एका बाजूला झुकणारी बाई माझ्याकडं पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "यमुना, वळखलं का?"

आम्ही जेवलो. तिनं नातवंडांची नावं सांगितली, देवाजीच्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगितलं. मी भावाच्या घरादाराचं सांगितलं. मग दोघींकडचं सांगण्यासारखं संपलं. तिनं सुपारी कातरली, अर्धी मला दिली आणि म्हणाली, "एक इचारू? लय वर्सं मनात हाय. तवा वावरात तू मले जे सांगतलं, ते माह्या भल्यासाठी सांगतलं, का तुले..." ती थांबली. "तुले पाह्यजे होतं?"

"देवाजी?" मी म्हणाले. "नाही गं."

"देवाजी नाही. कोनीतरी. असं अंगठी देनारं कोनी."

घरातली सगळी माणसं बाहेर गेलेली होती. मी अडतीस वर्षं हे वाक्य कुणासमोरच म्हटलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा नाही.

"हो," मी म्हणाले. "पाहिजे होतं."

तिनं अडकित्ता खाली ठेवला. मग सुपारी तोंडातल्या तोंडात फिरवत, जराशा रागानंच म्हणाली, "मंग तवाच बोलाचं ना, माय! तिथीच बांधावर बसून रडलो असतो दोघी."

तिची परतीची गाडी दुपारची होती. त्या दिवशी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.